आईचं ताट

वसई रोडच्या नव्या कोरियन हॉटेलात पुस्तकाआड लपून एकटेच जेवणाऱ्या प्रल्हादरावांना शेजारच्या टेबलावरच्या आई, मुलगा आणि सुनेचं सगळं बोलणं ऐकू येत होतं.

"आई, बस ना आता! वाढदिवस तुझा आहे."

"अरे, स्वप्नाला भात नको?"

"आई, इथे चिकन टेबलावर येतं, बाकीचं आपापलं घ्यायचं."

"माझ्यादेखत कुणी हाताने वाढून घेतलंय का कधी?"

"तुझं चिकन गार झालं!"

"ते तुम्ही खा रे."

"गेल्या वर्षीही हॉटेलातून उपाशीच आलीस!"

"ओरडू नकोस जितेश, लोक बघतात. अहो भाऊ, एकटेच? हा तिखट कोबी वाढू?"

"आई! ते आपल्या घरचे नाहीत!"

प्रल्हादरावांनी घाबरतच पुस्तक मिटलं.

"तुम्ही आधी जेवायला बसा, मग घेतो."

बाई खुर्ची ओढून बसल्या.

"जितेश, मला भात वाढ."