कथलाचा चोंबू

(तंजावर. दुपारचं स्वयंपाकघर. हरिणी नुकतीच डॉक्टरांकडून आली आहे. सासू भवानीबाई गॅसपाशी.)

हरिणी : तो चोंबू खाली उतरवा, अत्ते. आत्ताच.

भवानी : अगे, रसमला उकळी येतेय.

हरिणी : ओतून टाका ते. कार्तिकला भात भरवला नाही ना?

भवानी : झोपलाय तो. उठला की भरवीन. झालं काय? सौम्याचा रिपोर्ट आला?

हरिणी : तिच्या रक्तात शिसं आहे.

भवानी : पेन्सिलीचं असणार. सारखी चघळते.

हरिणी : पेन्सिलीत नसतं ते. डॉक्टरांना संशय होताच, गेल्या खेपेला विचारलं, घरात भांडी कसली. म्हणून परवा चोंबू नेला मी, लॅबमध्ये दाखवून लगेच परत आणला. त्याचाही रिपोर्ट आज आला. नावाला कथील आहे त्यात. बाकी शिसंच.

भवानी : अय्यो, काहीतरीच! ह्या घरात रसम कथलाच्याच चोंबूत होतं. माझा रमण त्यावरच वाढला. इंजिनिअर झाला!

हरिणी : ते ज्यावर वाढले तो जुना चोंबू होता. तो कोरडाच गॅसवर राहिला आणि वितळला. हा नंतरचा. सौम्या रांगत होती तेव्हा आणलेला.

भवानी : दुकानदार देवाची शपथ घेऊन म्हणाला, शुद्ध आहे... मला वाटायचं, घरात मराठी, शाळेत तमिळ, वर इंग्लिश, पोर गोंधळली. म्हणून अक्षरं राहत नाहीत डोक्यात.

हरिणी : सगळ्यांनाच तसं वाटलं. पोट दुखतं म्हणायची, तर टीचर म्हणाली शाळेची ढोंगं.

भवानी : औषधानं बरी होईल ना?

हरिणी : रक्तातलं उतरेल, म्हणाले. पण मेंदू घडायची वर्षं ती, अत्ते. तेव्हा जे बिघडलं ते भरून येईलच, असं नाही म्हणाले. मी पुन्हा विचारलं. पुन्हा नाही म्हणाले.

भवानी : ...हे बघ, ओतलं. सगळं ओतलं.

हरिणी : उद्या सकाळी कार्तिकचंही रक्त द्यायचंय.

भवानी : त्याचं कशाला? त्याला आत्ता कुठे भात सुरू केलाय.

हरिणी : तो पोटात होता तेव्हा मी रोज हेच रसम प्याले. मळमळ थांबायची त्यानं. आईचं बाळाला पोचतं, म्हणाले.

भवानी : नाही गे. किती छान हसतो तो! हाक मारली की लगेच वळून बघतो.

हरिणी : सौम्याही बघायची, अत्ते.