मोटारीच्या खोलीतली बाळंतीण

(बुलढाण्याजवळचा मळा. शेततळ्याच्या काठी पाण्याच्या मोटारीची खोली. दारात म्हातारा-म्हातारी आणि वनरक्षक सुचिता.)

रुक्मिणीबाई : गेली व माय! पाडव्यापासून मोटारीपाशी अंड्यायवर वेटोळं घालून बसली होती, अन् आज सकाळी पाह्यते तं अजगरीण गायब!

सुचिता : घाबरू नका काकू. कोणी त्रास दिला का तिला?

रुक्मिणीबाई : ह्यायले इचार. दोन महिने नुसतं 'मोटार, मोटार' करून राह्यले.

कडूबा : म्या? अवं, तिच्यापायी वांग्यायले बादलीनं पाणी घातलं म्या! कंबरडं मोडलं, पण मोटारीले बोट लावलं नाही.

सुचिता : काका, खरं सांगा.

कडूबा : एकडाव जवळ गेलो. पहाटे थरथरून राह्यली होती. मले वाटलं, थंडीताप आला. गोधडी टाकली अंगावर.

सुचिता : अजगरावर गोधडी!

रुक्मिणीबाई : माही नवी गोधडी!

कडूबा : मंग? पोटात अन्नाचा कण नाही बिचारीच्या.

सुचिता : अहो, ताप नव्हता तो. अंग थरथरवून ती अंड्यांना ऊब देते. अंडी फुटेपर्यंत शिकारही करत नाही.

रुक्मिणीबाई : मंग आजच काऊन सोडून गेली? अंडी खराब झाली असतील तं? रोज दारातून बोलत होती मी तिच्यासंगं. मले तं घास गोड लागणार नाही, पोरी.

सुचिता : थांबा, टॉर्च मारते. काकू, या इकडे. हळू. कडेच्या अंड्याला चीर दिसते?

रुक्मिणीबाई : हाव... अगं बाई, नाक! इवलुसं नाक!

कडूबा : सरक ना, मले पाहू दे! एक, दोन... तिकडं बी एक! बाप्पा, जीभ काढून दाखवते मले!

सुचिता : एक-दोन दिवस असेच डोकावतील, मग आपापल्या वाटेनं जातील. आईचं काम झालं, म्हणून ती गेली.

रुक्मिणीबाई : जित्ते हायेत व माय! आज शिरा करते मी. सुचिता, खाल्ल्याबिगर जायचं नाही.

कडूबा : पण गेली कुठं ती?

सुचिता : तळ्यात बघा, तुमच्या पाइपाजवळ. नुसत्या नाकपुड्या वर आहेत. अजगराला पाणी फार आवडतं काका. बुडी मारली की बराच वेळ वर येत नाही.

रुक्मिणीबाई : न्हायले गेली, बाळंतीण!

सुचिता : पिल्लं गेली की परवा मोटार सुरू करा, काका. सुटलात तुम्ही.

कडूबा : परवा बी ती पाइपाजवळच न्हात असली तं? राहू दे. अवं, बादल्या कुठं ठेवल्या?