पहिला खिळा

भिंतीला कान असतात म्हणतात. त्या दुपारी रामदासपेठेतल्या बँकेत ते वंदनाताईंना होते. हातात टोकन धरून त्या बाकावर बसल्या होत्या आणि शेजारचं जोडपं गृहकर्जाच्या टेबलाकडे पाहत बोलत होतं.

"मेघा, हळू बोल. लोक ऐकून राहिले."

"ऐकू द्या. पहिलं घर घेऊन राहिलो, चोरी नाही करून राहिलो. पीएफचे निघाले ना?"

"निघाले. तुह्या भावानं दिले, तेही जमा झाले. सबसिडीचा अर्ज भरला, पण ते पैसे मागून येतीन. बिल्डरले डाऊन पेमेंट आजच पाहिजे."

"मंग कमीच पडून राहिले न?"

"काल पडत होते. आज नाही."

"काहून? लॉटरी लागली काय?"

"सकाळी घरमालकानं बोलावलं. आपलं डिपॉझिट पूर्ण परत दिलं."

"गोपाळरावांनी? अवो, आपण अजून खोली खाली कुठं केली?"

"मीही तेच म्हटलं. तर म्हणे, घेऊन जा, मनीषनगरचा फ्लॅट हातचा जाईन."

"त्या माणसानं मले इतक्या वर्षांत भिंतीत एक खिळा ठोकू नाही दिला. लग्नाचा फोटो अजून आलमारीवर टेकून उभा हाय."

"हाव, त्या फोटोचंही बोलले ते."

"काय बोलले?"

वंदनाताईंचा नंबर पुकारला गेला. त्या काही उठल्या नाहीत.

"म्हणे, नव्या घरात त्याचा खिळा मीच ठोकीन. हातोडी घेऊन येतो म्हणे."