फोडणीची तपासणी

आमच्या प्रोफेसरांचं तुम्हाला सांगितलं का? जर्मनीत कोलोनच्या विद्यापीठात आमचा विभाग कारखान्यांतली हवा तपासतो. मध्यंतरी धूर मोजायचं नवं मशीन चाचणीसाठी मी घरी नेलं. सोमवारी आकडे बघून प्रोफेसर म्हणाले, "शनिवारी कुठल्या वेल्डिंगच्या कारखान्यात होतात?"

"घरीच. सासूबाई फोडणी देत होत्या."

त्यांना पटेना. पुढच्या शनिवारी स्वतःच मशीन घेऊन आले. फोडणीत मिरची पडली तसे खोकायला लागले. खिडकी उघडून म्हणाले, "हा कारखाना असता तर आत्ताच बंद केला असता."

मी सासूबाईंना ते मराठीत सांगितलं.

त्या म्हणाल्या, "आधी जेवा म्हणावं, मग करा बंद."

प्रोफेसरांनी दोनदा आमटी मागून घेतली. निघताना दारात गंभीरपणे म्हणाले, "तर मग, एका तपासणीवरून निष्कर्ष काढता येत नाही. पुढच्या शनिवारीही यावं लागेल. याच वेळेला."