गाडीला बांधलेला पदर

माहं गाव वरवट बकाल, जन्म इथलाच, बाप दुसऱ्याच्या गाडीबैलावर होता अन् म्या जीप धरली, पॅसिंजर जीप, वरवट ते जळगाव जामोद अन् जळगाव ते वरवट, जिंदगी याच सडकीवर गेली पाहा. काय सांगू तुम्हाले ताई, गाडी चालवणं कोणालेबी येते, गाडी लावता आली पाहिजे. जत्रा असो, लग्न असो, माह्या गाडीचं तोंड नेहमी सडकीकडं, मांगं वावराचा धुरा, म्हणजे कार्यक्रम सुटला की लोकं बसले अन् निंघालो, बाकीचे हॉर्न वाजवत राहतात धुरळ्यात.

अन् गाडी सापडायची युक्ती बापाची. त्याच्या टायमाले जत्रेत बैलगाड्या सुटत, साऱ्या सारख्याच, मंग गाडीच्या दांड्याले घरच्या बाईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा बांधत, आपलं लुगडं बाई दुरूनच ओळखते. तेच म्या जीपवर चालवलं, पाहू पाहू बाकी गाडीवाल्यायनंबी उचललं, माह्या कॅरिअरले आमच्या बुढीचा पदर. बुढी म्हणजे माही बायको, शेवंता. तिनंच फाडावं अन् तिनंच गाठ मारावी.

मांगच्या काही सालापासून तिच्या डोक्यातून एकएक गोष्ट जाऊन राह्यली. आंधी भाजीत मीठ दोनदा, मंग गॅस चालू ठेवून बाहेर निंघून जाणं, मंग मेलेल्या मायले हाका. डाक्टर म्हणे हे आता वापस येत नाही. पण गाणे, ताई, रेडिओवरचे जुने गाणे, एक शब्द इकडचा तिकडं नाही. मले वाटे, हे एक दार तं उघडं हाये, इथून येईन ती वापस. येडी आशा म्हणा. मंग जळगावले मोठ्या गायिकेचा प्रोग्राम ठरला, एका पुढाऱ्यानं ठेवला, तं म्या म्हणलं हिले नेतोच.

कपाशीची पऱ्हाटी उपटलेल्या वावरात पार्किंग, साऱ्या जिल्ह्यातून गाड्या. म्या दुपारीच गाडी लावली, तोंड सडकीकडं. बुढीनं पिशवीतून नवीन पदर काढला, शेंदरी, हिरव्या फुलाचा, आपल्या हातानं कॅरिअरले बांधला अन् मले म्हणे, आता मी हे पाहून येईन, तुम्ही गाडी हालवू नका. लय दिवसांनी इतकं धड बोलली. मले तथीच रडू आलं.

बायकायचं बसणं दोरीच्या पलीकडं, म्हणून आमची सून तिचा हात धरून. सासूले ती आत्याबाई म्हणते, मंग सांगे, मामाजी, आत्याबाई गाणेवालीच्या आंधी शब्द म्हणत होत्या, बाजूच्या बायका वळू वळू पाहत होत्या. दिवस बुडता बुडता प्रोग्राम सुटला, दोरी तुटली, सारी गर्दी संगंच उठली अन् सुनेच्या हातातून हात सुटला.

मी गाडीच्या टपावर चढलो अन् चौफेर पाह्यलं. बुढीनं बांधलेलं ते लुगडं त्याच पुढाऱ्यानं दिवाळीले गावोगाव वाटलं होतं. नेसावं तं आरपार दिसे, म्हणून बायकायनं फाडून कामी लावलं, अन् साऱ्या गाडीवाल्यायच्या घरून तेच आलं. जिकडं पाहा तिकडं शेंदरी पदर, हिरवे फुलं, वावरभर.

माइकवर तिचं नाव पुकारलं, पोलिसायनं मैदान पालथं घातलं, माह्या गाडीत आलेल्या गावच्या बाया म्या दुसऱ्या गाडीत बसवून देल्या. बाजूवाला म्हणे, काका, तुम्ही तं साऱ्यायच्या आंधी निंघता, आज काऊन थांबले.  बुढी म्हणाली होती हालवू नका, म्या नाही हालवली. जिंदगीत पह्यल्यांदा माही गाडी शेवटची राह्यली.

सकाळी फोनवर तिचा फोटो आला. धामणगाव बढे या गावच्या जीपमधे जाऊन बसली होती ती. गाडीतल्या एकीले वाटलं दुसरीची आत्या असंन, दुसरीले वाटलं तिसरीची, आमच्याकडं म्हातारीले तू कोणाची म्हणून कोणी इचारत नाही, सरकून जागा देतात. उतरल्यावर गाव इचारलं तं तिनं माहेरचं सांगतलं, तथी आता कोणीच नाही.

मी धामणगावले गेलो तं तिले रातभर ठेवलेल्या घरच्या ओट्यावर सुपात तूर निवडत बसली होती. घरची बाई म्हणे, पाहा माय, कोण आलं. तिनं माह्याकडं पाह्यलं अन् डोक्यावर पदर वढला, परक्या माणसाले पाहून वढतात तसा, अन् त्या बाईले हळूच म्हणे, या भाऊले इचार ना वो, मले घरी सोडतीन काय. भाऊ म्हणे मले.  उभ्या जिंदगीत म्या तिले अहोजाहो केलं नव्हतं, पण त्या दिवशी म्हणलं, हाव, सोडतो, बसा.

तवापासून रोजचं हेच. दिवस कलला की गाठोडं घेऊन दारात उभी राहते, भाऊ, मले घरी सोडता काय. मी नाही कसं म्हणू. पुढच्या सीटवर बसवतो, फाट्यालोग जातो, वळतो अन् आमच्याच दारात गाडी लावतो, तोंड सडकीकडं. कॅरिअरचा पदर उन्हानं विटला, पण सोडला नाही म्या, तिच्या हातची ती शेवटची गाठ हाये. मी म्हणतो, उतरा, आलं तुमचं घर. उतरते, हात जोडते अन् म्हणते, देव तुमचं साजरं करो भाऊ, तुमची बायको वाट पाहत असंन, जा आता घरी. मी हाव म्हणतो. ती अंदर जाईलोग गाडीतच बसून राहतो, अन् मंग उतरून जातो घरी.