पंतांची शीळ

बाई : ...छे हो, आजारी कुठला? नखं वाढलीत, चालताना अडखळतो, म्हणून आणलं. बाकी ठणठणीत आहे. उलट हल्ली बोलायला लागलाय.

डॉक्टर : कासव बोलायला लागलं?

बाई : हसा खुशाल. आमचे पंत मूळचे मुखदुर्बळ. आमचे हे होते तोवर कधी चकार शब्द काढला नाही. आता मी संध्याकाळी खुर्ची ओढून बसते, दिवसभरातलं काहीबाही सांगते. मी थांबले की हा मान लांब करतो, तोंड उघडतो आणि बारीकशी शीळ घालतो. मला केवढा आधार वाटतो म्हणून सांगू.

डॉक्टर : मी केव्हाचा ऐकतोय ती शीळ. जरा उजेडात धरतो हं याला. मावशी, नाकाशी हे बुडबुडे कधीपासून येतायत?

बाई : पाणी पीत असेल.

डॉक्टर : पाणी नाही, शेंबूड आहे. हे बघा, चिकट आहे. डोळेही सुजलेत. खातो का नीट?

बाई : पानं हुंगतो आणि तशीच ठेवतो. म्हटलं, गप्पांच्या नादात जेवण राहत असेल. माझंही राहतं.

डॉक्टर : मावशी, तो बोलत नाहीये. त्याला श्वास घेता येत नाहीये. नाक चोंदलंय म्हणून तोंड उघडतो, हवा मिळावी म्हणून मान ताणतो. शीळ वाजते ती कफामुळे.

बाई : पण मी थांबल्यावरच वाजवायचा की.

डॉक्टर : वाजत सारखीच असणार. तुम्ही बोलत असताना ऐकू येत नसेल.

(बाई वाकून कासवाच्या तोंडाशी कान नेतात. टेबलावरची शीळ तेवढी चालू राहते.)

बाई : टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते मी. उभा जन्म कानाला हेडफोन. कुठली लाइन खरखरतेय, पलीकडचं माणूस रडू दाबतंय का, नुसत्या श्वासावरून ओळखायचे. आणि हा माझ्या पायाशी गुदमरत होता.

डॉक्टर : अहो, भल्याभल्यांना नाही कळत. कासवाला आपल्यासारखं खोकता येत नाही, कफ आतच साठत जातो. घरी ऊब कशी देता? पेटीवर दिवा आहे ना?

बाई : आहे तर. ह्यांनीच बसवलेला. मध्ये बल्ब उडाला, तर मी नवीन लावला. स्टुलावर चढून, कुणाच्या नाकदुऱ्या न काढता. एलईडी. लख्ख उजेड पडतो.

डॉक्टर : उजेड पडतो हो, पण ऊब नाही येत त्यातून. जुना बल्ब तापायचा. कासवाचं अंग आपलं आपण गरम राहत नाही, ऊब बाहेरूनच मिळावी लागते. ती बंद झाली आणि दुखणं छातीत उतरलं.

बाई : हे रोज दिव्याखाली हात धरून बघायचे. मी म्हणायचे, काय हा पोरखेळ. का धरतात ते विचारलं नाही कधी.

डॉक्टर : तुम्हाला दोष नाही देत मी.

बाई : तुम्ही कशाला द्याल? वाचेल का तेवढं सांगा.

डॉक्टर : वाचावा. नखांच्या निमित्ताने आलात तेच बरं झालं. एक्स-रे काढू, इंजेक्शनं सुरू करू, औषधाची वाफ देऊ. पण त्याला इथे ठेवावं लागेल, उबेच्या पेटीत.

बाई : इथे? नको, नको. घरी करते मी सगळं. वाटेत तापणारा बल्ब घेते. जागेन हवं तर.

डॉक्टर : इंजेक्शन कोण देणार? श्वास अडकला तर काय करणार?

बाई : डॉक्टर, तुम्ही लहान आहात माझ्यापेक्षा. दार उघडून आत शिरल्यावर 'आले रे' म्हणायला कुणीतरी लागतं. नाहीतर माणूस भिंतींशी बोलायला लागतं.

डॉक्टर : आज घरी नेलात, तर फार दिवस नाही राहायचा तो, मावशी.

बाई : तोंडावर सांगितलंत ते बरं केलंत. ठेवा.

डॉक्टर : तुम्ही बसा जरा. पाणी देऊ?

बाई : नको. बरा झाल्यावर ती शीळ?

डॉक्टर : जाईल. जायलाच हवी.

बाई : अजिबात नाही राहायची?

डॉक्टर : धडधाकट कासवाचा श्वास ऐकू येत नाही.

बाई : म्हणजे पुन्हा ह्यांच्या वेळचे पंत. असू दे. मी आले तर जवळ बसू द्याल ना? बोललं तर चालतं?

डॉक्टर : खुशाल बोला. संध्याकाळी गर्दी नसते फारशी.

बाई : मग येत जाईन. इकडचं तिकडचं सांगेन, मध्येच थांबून कान देईन. आणि काही ऐकू आलं नाही, की समाधानाने घरी जाईन.