थोपटायचं नाही

(लवकर जन्मलेल्या बाळांच्या खोलीबाहेरचा बाक. आजोबांच्या मांडीवर नातीची कापडी बाहुली.)

नात : थोपटलंत. तिसऱ्यांदा.

आजोबा : छे, नुसता हात ठेवलाय.

नात : बोटं हलली. सिस्टर काय म्हणाल्या? एक हात डोक्याशी, एक पायांशी, आणि मग पुतळा.

आजोबा : चाळीस वर्षं पोरांच्या पाठी थोपटून पाढे शिकवले. हे हात आता कुणाचं ऐकायचे?

नात : मग त्यांना अंगठे धरून उभं करा.

आजोबा : तू माझ्या वर्गात असतीस, तर मीच नोकरी सोडली असती.

नात : विषय बदलू नका. बाळाला थोपटलं तर काय होतं?

आजोबा : ते बारा आठवडे आधी आलंय ना, त्याच्या डोक्यातल्या नसा अजून कच्च्या आहेत, कोळ्याच्या धाग्यासारख्या. सारखं हलवलं, दचकवलं की रक्ताचा दाब वरखाली होतो. मग एखादी फुटते. तशी एक फुटलीय.

नात : कुणी थोपटलं होतं?

आजोबा : कुणीच नाही गं. इतकं लवकर आलं की काही वेळा आपोआपच होतं.

नात : आई म्हणते, तिचंच काहीतरी चुकलं.

आजोबा : तिचं काडीचंही चुकलेलं नाही. ताप उतरला की तिला हेच समजावायचंय, तूही माझ्या जोडीला ये. तोवर तिच्या वाटचा हात मी ठेवणार.

नात : आणि तो हलला तर?

आजोबा : म्हणून तर तुझी शिकवणी लावलीय.

सिस्टर (खोलीच्या दारातून) : आजोबा, बाळाची टाळूवरून सोनोग्राफी झाली. रक्त परवाएवढंच आहे, वाढलेलं नाही.

नात : सिस्टर, हे बघा, बाहुलीला परत थोपटतायत. चौथ्यांदा.

सिस्टर : बाहुलीला थोपटू दे. आजोबा, आठवड्याने पुन्हा बघायचंय, पण आजचा दिवस चांगला आहे. कोपरापर्यंत हात धुवा आणि आत या. काय गं, पास झाले का हे?

नात : काठावर.

आजोबा : बाळाला तुझा काही निरोप?

नात : नको, तुमचा आवाज मोठा आहे. आणि थांबा, हात नंतर धुवा.

आजोबा : आता काय राहिलं?

नात : ही घ्या माझी पाठ. काय थोपटायचंय ते इथेच संपवून जा.